भाषण हिंदीत, सासूबाई मराठीत: तुमच्या घरी कोण समजावून सांगतं?

बॉबिनदोरा (कोल्हापूर)
२४ सप्टेंबर २०२५, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. प्रश्न अगदी घरगुती आहे. कृपा करून याचा राजकारणाचा धागा करू नका, ते धागे इथं ढीगभर आहेत.

टीव्हीवर पंतप्रधानांचं भाषण लागलं की घरातल्या हिंदी न कळणाऱ्या माणसांना ते तुमच्याकडं कोण समजावून सांगतं? आणि कसं? चालू असतानाच वाक्याला वाक्य, की सगळं संपल्यावर एकदम? आमच्या घरात हे खातं माझ्याकडं आहे, आणि नऊ वर्षांत दोनदा माझ्यामुळं अख्खी गल्ली गंडली आहे. पहिल्या वेळचं अजून ऐकून घेते, आता दुसऱ्याची भर पडली.

आधी गेल्या रविवारचं सांगते. आम्ही मंगळवार पेठेत राहतो. माझं पिको-फॉल आणि ब्लाऊजचं काम आहे. मशीन टीव्हीच्या बरोबर खाली, कारण प्लग तिथंच आहे. रविवारी सर्वपित्री अमावस्या. दुपारी म्हाळाचा स्वयंपाक, जेवणं, भांडी, आणि दुसऱ्या दिवशी घट बसणार. सोमवारचा रंग पांढरा, म्हणजे माझ्यासमोर पांढऱ्या साड्यांचा डोंगर, आणि प्रत्येकीला ती 'आज रात्रीपर्यंत' पाहिजे. तेवढ्यात बातम्यांत पट्टी आली, पाच वाजता पंतप्रधान देशाला संबोधित करणार. झालं. आत्यांनी (सासूबाई, आम्ही आत्या म्हणतो) जी खुर्ची ओढली ती थेट टीव्हीपुढं.

आत्या चौऱ्याहत्तरच्या. कान शाबूत, हिंदी शून्य. जुने सिनेमे बघतात, पण त्यात मारामारी आणि गाणी कळली की भागतं. भाषणात ते भागत नाही. एक गंमत मी दरवेळी बघते. पलीकडून 'देशवासियो' ऐकू आलं की आत्या पदर खांद्यावर सारखा करून नीट बसतात. मालिका बघताना तंगड्या पसरून बसणारी बाई, पण देशाचा माणूस समोरून बोलतोय म्हटल्यावर आपणही नीट बसायला पाहिजे. मला ते फार आवडतं. एरवी आमचं पटतं असं नाही.

सुरुवातीलाच 'कल से' आलं.

"कालपासनं काय?"

"काल न्हवं आत्या, उद्यापासनं. हिंदीत कल म्हणजे उद्या."

"मग कालला काय म्हणत्यात?"

"त्यालापण कलच."

आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं की हिंदी मीच बनवली आहे. या सवालजवाबात दोन वाक्यं गेली ती गेलीच. पिकोचं मशीन चालू असलं की टीव्ही ऐकू येत नाही, म्हणून मी वाक्याला पाय उचलत होते, वाक्य संपलं की परत दाबत होते. पांढऱ्या साडीवर पांढरा दोरा, त्यात बॉबिन संपलेली लवकर कळत नाही. वीतभर काठ नुसत्या सुईनं टोचत गेला तरी मला पत्ता नाही. ते उसवत बसले, टाचण्या तोंडात धरलेल्या, आणि नेमकं तेव्हा 'जीएसटी बचत उत्सव' असा शब्द आला.

"बचत गटाचं काय म्हणाला गं?"

मी म्हणाले, "हं."

एवढंच. टाचण्या तोंडात होत्या हो. बाई 'हं'पलीकडं काय बोलणार?

आत्या गल्लीतल्या बचत गटात आहेत. त्या उठल्या, शेजारी खीर द्यायची राहिलीय म्हणून वाटी घेऊन बाहेर पडल्या. मी काठ उसवत बसले. रात्री मुलगा भारत-पाकिस्तान मॅच बघत बसलेला, तेव्हा कुठं मला कळलं की आमच्या गल्लीत उद्यापासून बचत गटाच्या कर्जाचं व्याज माफ झालंय. सोमवारी सकाळी मी परडीत माती भरून घट बसवतेय आणि दारात चौघीजणी पासबुकं घेऊन हजर. "आत्यांनी टीव्हीवर ऐकलंय." त्यांना जीएसटी म्हणजे काय, कशावर १२ होता तो ५ झाला, कशावर २८ चा १८, हे मातीचे हात घेऊन सांगत बसले. त्यात शिलाई मशीन आणि त्याचे सुटे भाग १२ वरून ५ टक्क्यांवर आलेत, जी एकमेव बातमी माझ्या कामाची होती, ती मला त्या चौघींतल्या एकीच्या मोबाईलवर कळली.

आता २०१६ चं. हे जास्त वाईट आहे.

८ नोव्हेंबर, मंगळवार, रात्री आठ. दिवाळी होऊन आठवडा झालेला. आत्या तेव्हा भिशी चालवायच्या, चौदा बायका, महिन्याला हजार-हजार. दहा तारखेला चिठ्ठी निघायची. म्हणजे त्या रात्री रव्याच्या डब्यात चौदा हजार रुपये, सगळे पाचशे-हजारात. मामा (सासरे) तेव्हा होते. तेही टीव्हीसमोर, पण ते ऐकायचे कमी आणि मान जास्त हलवायचे. भाषण बराच वेळ भ्रष्टाचार, काळा पैसा असं चाललेलं, मी बऱ्यापैकी सांगत होते. मग ते वाक्य आलं. आज रात्री बारापासून पाचशे आणि हजारच्या नोटा लीगल टेंडर राहणार नाहीत.

लीगल टेंडरला मराठीत काय म्हणायचं हे मला आजही एका दमात सांगता येणार नाही. मला टेंडर म्हणजे रस्त्याचं, गटारीचं, एवढंच माहीत. मी म्हणाले, "आत्या, नोटा बंद झाल्या."

"कुठल्या?"

आणि इथं मी चुकले. टीव्हीवर पुढचं वाक्य चालू होतं, ते ऐकायचं होतं. मी हात वर करून म्हणाले, "सगळ्या सगळ्या, थांबा जरा."

आत्या थांबणाऱ्यातल्या नाहीत. रव्याचा डबा काखेत मारून बाहेर. पंधरा मिनिटांत आमच्या बोळात एकही बाई घरात नव्हती. चौदाजणींना ज्याची त्याला नोट परत देऊन झाली, तो व्यवहार आत्यांनी चोख केला, एका रुपयाची गडबड नाही. पण सोबत 'सगळ्या नोटा बंद'चा निरोपही गेला. बायकांनी घरात होत्या तेवढ्या शंभराच्या, पन्नासाच्या नोटा गोळा केल्या आणि कोपऱ्यावरचं दुकान गाठलं. बारा वाजायच्या आत खपवायच्या म्हणून कुणी दहा किलो साखर, कुणी तेलाचे डबे, एकीनं तर नऊ किलो शेंगदाणे. दुकानदार एक शब्द बोलला नाही. शंभराच्या नोटा घेत होता, मोजत होता, रबर लावत होता. त्याच्याकडं पण टीव्ही होता हो! पाचशेची नोट काढली की मात्र म्हणायचा, सुट्टे बघा.

पुढचे पंधरा दिवस तुम्हाला आठवत असतील. दोन हजाराची गुलाबी नोट हातात आणि मोड कुणाकडं नाही. शंभराच्या नोटेला सोन्याचा भाव. अख्ख्या कोल्हापुरात आमची एकच गल्ली अशी असेल जिच्यात शंभराची नोट औषधाला नव्हती आणि साखर मुबलक. बदलून मिळायचे चार हजार, तेही ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन रांगेत उभं राहून. आमच्या ह्यांनी तीन खाडे केले. शेंगदाण्यावाल्या काकी आजही मला बघितलं की म्हणतात, "काय गं, आज काय बंद झालं?"

तर मला खरंच विचारायचंय. यावर काही उपाय आहे का? मराठीत ताबडतोब ऐकायची सोय कुठं असते का? मोबाईलवर खाली अक्षरं उमटतात ती मुलानं लावून बघितली, पण ती हिंदीतच उमटतात आणि आत्यांना चष्मा लावून एवढं भराभर वाचता येत नाही. मराठी बातम्यांवर खाली पट्टी येते, तर तिथं एक वाक्य फिरत राहतं तोवर भाषण चार वाक्यं पुढं गेलेलं असतं.

(घरात मी 'आलो, गेलो, बसलो'च म्हणते. इथं पुण्यामुंबईची मंडळी आहेत म्हणून सांभाळून लिहिलंय.)

---

लेथवाला
२५ सप्टेंबर, सकाळी ७:४२

नाद खुळा वहिनी. सकाळी सकाळी चहा नाकातून आला. शेंगदाण्यावाल्या काकींना माझा नमस्कार सांगा.

आमच्याकडं उलटं झालेलं. २४ मार्च २०२०. दुसऱ्या दिवशी पाडवा होता, आई साखरेच्या माळा आणल्या का म्हणून मागं लागलेली. रात्री आठला भाषण. माझं शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप, वर माळ्यावर आमची चार पोरं राहायची, दोन बिहारची, दोन यूपीची. घर मागंच. मी आईला सांगतोय, 'आई, एकवीस दिवस सगळं बंद, घराबाहेर पडायचं नाही.' आई म्हणते, 'आणि पाडवा?' मी म्हणतो, 'पाडवा घरात.' आई म्हणते, 'कडुलिंब कोण आणणार?' असं आमचं चाललेलं.

मागं बघतो तर ती चार पोरं बॅगा भरून दारात उभी. त्यांना भाषण थेट कळलेलं, सांगायला कुणी लागलं नव्हतं. आमचं कडुलिंबावर अडलेलं तोवर त्यांनी हिशोब केला होता: एकवीस दिवस काम नाही म्हणजे पगाराचं काय, खोलीचं काय, गाडी मिळेल का. रेल्वे तर दोन दिवस आधीच बंद झालेल्या, हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. त्यांना कसंतरी थांबवलं, पुढं दीड महिना आईच्या हातचं जेवली. त्यातला एकजण अजून आमच्याकडं आहे आणि आता तो आमच्या आईला भाषण समजावून सांगतो. त्याच्या मराठीत. आईला माझ्यापेक्षा त्याचं जास्त पटतं.

म्हणजे उपाय एकच, घरात एक बिहारी ठेवा.

---

खडूचा तुकडा
२५ सप्टेंबर, सकाळी ११:०५

बॉबिनदोरा ताई, तुमच्या 'मराठीत सोय कुठं असते' या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. मी निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज भागातला.

प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या आदल्या संध्याकाळी राष्ट्रपतींचं भाषण असतं, सात वाजता. ते आधी हिंदीत, मग इंग्रजीत होतं. त्यानंतर दूरदर्शनच्या प्रादेशिक वाहिन्या त्याची आपापल्या भाषेतली आवृत्ती दाखवतात आणि आकाशवाणीची प्रादेशिक केंद्रं रात्री साडेनऊला लावतात. म्हणजे मराठीत ऐकायची रीतसर सोय आहे. पण ते भाषण आधी लिहून तयार असतं, तारीख ठरलेली असते. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी अकराला 'मन की बात' असते, तिचंही हिंदी संपलं की आकाशवाणीवर मराठी रूपांतर लागतं.

अचानक पट्टी येऊन होणाऱ्या भाषणाला मात्र हे जमत नाही. रात्री बारापासून अमुक बंद, असं सांगायचं असेल तर ते आधी दहा भाषांतरकारांच्या हाती कसं देणार? गुपित राहायचं नाही. म्हणून जे भाषण सगळ्यात निकडीचं, तेच मराठीत सगळ्यात उशिरा. पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर नंतर मराठी मजकूर येतो, पण तोवर तुमच्या आत्या गल्लीच्या टोकाला पोचलेल्या असणार.

तुमच्या 'कल'वरून आठवलं. २६ जून १९७५ ची सकाळ. मी तेरा वर्षांचा. आमचे वडील शाहू मिलमध्ये, आम्ही तेव्हा कोल्हापुरातच मिलजवळ राहायचो. घरात रेडिओ, एरवी त्यावर सांगली केंद्र. त्या सकाळी इंदिराबाई बोलल्या. राष्ट्रपतींनी आपातकाल जाहीर केला आहे, त्यानं आतंकित व्हायचं कारण नाही, असं ते वाक्य. वर्गात हिंदीत पहिला म्हणून वडिलांनी मला विचारलं, "काय म्हणत्यात बाई?" मला 'आपातकाल' येईना, 'आतंकित'ही येईना. कारण नाही, एवढं कळलं. मी छातीठोकपणे सांगितलं, "काही कारण नाही म्हणतात." वडील म्हणाले, "बरं," आणि डबा घेऊन पाळीला गेले. संध्याकाळी परतले ते गप्प. मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून मात्र रेडिओ लागला की शेजारच्या कारकुनांना बोलावून आणायला लागले. माझी नोकरी गेली ती तेव्हाच.

पुढं पस्तीस वर्षं मुलांना हिंदी शिकवली. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, हे पहिल्या तासाला फळ्यावर लिहायचो. 'कल' पण लिहायचो. मराठी माणूस हिंदीत फसतो तो अवघड शब्दाला नाही, ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दाला. तुमच्या आत्या 'जीएसटी'ला फसल्या का? नाही. 'बचत'ला फसल्या.

---

तिरकस
२५ सप्टेंबर, दुपारी १:३०

एवढा आटापिटा कशाला? टीव्ही बंद करा. सकाळी पेपर येतो, मराठीत येतो. नोटाबंदीत पेट्रोल पंपावर, सरकारी दवाखान्यात जुन्या नोटा चालणार होत्या, हे त्या भाषणातच होतं. ऐकलं किती जणांनी? सगळे 'नोटा बंद' ऐकून पळाले. मी सकाळी पेपर वाचला आणि निवांत जाऊन गाडीची टाकी फुल्ल केली. बाकी हिंदी म्हाताऱ्यांवर लादायची की पोरांवर, हा मुद्दा जूनमध्ये गाजलाच आहे. देशाचा पंतप्रधान महाराष्ट्राशी मराठीत का नाही...

---

बॉबिनदोरा
२५ सप्टेंबर, दुपारी २:१५

तिरकस, तिथंच थांबा. पहिलीपासूनच्या पोरांच्या हिंदीचा शासन निर्णय २९ जूनला मागं घेतला, त्यावर इथं चारशे प्रतिसादांचा धागा पडलाय, तिकडं जा. इथं माझी सासू आहे.

पेट्रोल पंपाचं मात्र खरं आहे. ते भाषणात होतं आणि मी ते ऐकलंच नाही, कारण तेव्हा मी दारात उभी राहून 'अहो आत्या, शंभराच्या न्हवं' असं ओरडत होते. आमच्या ह्यांनाही ते सकाळी पेपरातच कळलं. पण पेपर येईपर्यंत साखर घरात आली होती.

मास्तर, ओळखीच्या शब्दाचं तुम्ही जे लिहिलंय ते मी आज मशीनवर बसून दिवसभर घोळवतेय. वडील तुम्हाला काही बोलले नाहीत, हे वाचून कसंतरी झालं. आमच्याकडं बोलतात, नऊ वर्षं बोलतात, ते परवडलं म्हणायचं.

---

वेदगंगा
२५ सप्टेंबर, रात्री ९:५०

मी निपाणीची, आमच्याकडं भाषांतराचे दोन मजले. सासरे कन्नड, आई माझ्याकडं राहते ती मराठी, टीव्ही हिंदी. भाषण लागलं की नवरा सासऱ्यांना सांगतो, मी आईला, आणि दोघं एकमेकांना ओरडतो की हळू बोल.

२०१६ ला आमचं दुखणं वेगळं होतं. माहेर कागल तालुक्यात, भावाचं खातं फक्त जिल्हा मध्यवर्ती बँकेत. ऊसबिल तिथं, पीककर्ज तिथं. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेचा हुकूम आला की जिल्हा बँकांनी जुन्या नोटा घ्यायच्या नाहीत. भाषण आठ तारखेला ऐकून भाऊ निर्धास्त होता, बँकेत भरायला ३० डिसेंबरपर्यंत मुदत आहे म्हणून. तो भाषण नीट समजून बसलेला, आणि त्याचीच पंचाईत झाली. मग नवीन खातं काढायला तालुक्याला चकरा. तेव्हा भाषण कळलं म्हणजे सुटलो असं काही नाही हो ताई.

मी एक करते. समोर कॅलेंडरचं मागचं पान आणि पेन घेऊन बसते, आकडा किंवा तारीख आली की तेवढीच लिहिते. आई मधे काही विचारायला लागली की पेन दाखवते. पेन हातात असलं की ती गप्प बसते, तिला वाटतं काहीतरी सरकारी चाललंय. तोंडात टाचण्या धरण्यापेक्षा हातात पेन बरं.

---

लेथवाला
२५ सप्टेंबर, रात्री १०:२०

वेदगंगा, पेन दाखवून गप्प बसणारी माणसं निपाणीत असतील. कोल्हापुरात पेन दाखवलं की 'काय लिवलंस?' म्हणून पान ओढून घेतात.

---

बॉबिनदोरा
२८ सप्टेंबर, दुपारी ४:३०

सगळ्यांचे आभार. आज रविवार, महिन्यातला शेवटचा, म्हणून मास्तरांचा उपाय करून बघितला. त्याचा वृत्तांत लिहिल्याशिवाय चैन पडेना. नारंगी साड्या सकाळीच हातावेगळ्या केल्या.

पेन आणि कॅलेंडरचं पान दोन्ही घेऊन बसले होते, पण गरजच पडू नये म्हणून आत्यांना आधीच सांगितलं की आज मी काही सांगणार नाही, रेडिओवर मराठीत येणार आहे, शब्दाला शब्द. त्यांनी पदर सारखा केला. हिंदी 'मन की बात' टीव्हीवर चालू होती ती आम्ही आवाज बारीक करून ठेवली. आज लताबाईंचा वाढदिवस, त्यांचं नाव निघालं तेव्हा आत्यांनी आवाज मोठा करायला लावला. मग मराठी लागलं. स्वच्छ, सावकाश, एकही शब्द अडत नाही. मला तर बसल्या जागी सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं. मी मशीनवर बसले आणि सलग दोन ब्लाऊजच्या बाह्या जोडल्या.

मागं वळून बघते तर आत्यांनी पदर सोडलेला, पाय पसरलेले, आणि त्या लसूण सोलायला बसलेल्या.

"ऐकत न्हाई व्हय?"

"ह्यो त्यो न्हवं."

"म्हणजे?"

"आवाज दुसराच हाय. दुसरंच कोणतरी बोलतंय. त्येनं काय सांगितलं आन् ह्यो काय सांगतोय, आपल्याला काय म्हाईत?"

मी म्हणाले, आत्या, तेच मराठीत करून सांगतात, सरकारी माणसं असतात, चुकत नाहीत. मी सांगितलेलं तरी तुम्हाला कुठं बरोबर असतंय? दोनदा गल्ली गंडवली मी.

"तू चुकतीस ते मला कळतंय की. तुझं तोंड बघून कळतंय. रेडिओचं तोंड कुठं बघू मी?"

यावर मला काही सुचलं नाही, मास्तर तुम्हाला सुचलं तर लिहा. मी रेडिओ बंद केला. टीव्हीवरचं हिंदीही तोवर संपलेलं होतं.

सोमवारच्या चौघींचं म्हणाल तर त्यातली एकजण काल परत आली होती. साबणावर १८ चा ५ टक्के झालाय तर दुकानदार जुन्याच किमतीला का देतो, असं विचारत होती. त्यानं जुना माल आहे म्हणून सांगितलं. ती त्याला म्हणाली, टीव्हीवर सांगितलंय. तो म्हणाला, कुणी? ती म्हणाली, आत्यांनी.